रविवारी गहू भिजत घातला: चैत्रातला एक आठवडा आणि गल्लीतला पैरा

कृष्णाकाठची | १३ एप्रिल २०२५, रात्री १०:१५

आठवडाभरानं आज हात मोकळे झाले, म्हणून लिहायला बसलेय. तुम्हा सगळ्यांना एक विचारायचं आहे. पण आठवडा कसा गेला ते सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही, तेव्हा जरा धीर धरून वाचा.

आम्ही सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात राहतो. गल्लीत सहा घरं. उन्हाळ्याचं वाळवण आमच्याकडं पैऱ्यावर चालतं. आज माझ्या घरी सगळ्या जणी, दोन दिवसांनी तुझ्या घरी सगळ्या जणी. मजुरी नाही, वहीत हिशेब नाही. ज्या घरी काम, त्या घरचा चहा आणि दुपारची भाकरी. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही हे असंच होतं, आणि त्यांना येऊन आता पन्नासच्या वर वर्षं झाली.

यंदा आमची पाळी आली नेमकी रामनवमी ते हनुमान जयंती या आठवड्यात. लग्नसराई तोंडावर. मी घरीच शिलाई करते, त्यामुळं १४ ब्लाउज कापून पडलेले. लेकीचा अभ्यास. धाकटे दीर गावच्या सासनकाठीबरोबर जोतिबाला जायचे, म्हणजे बेदाण्याच्या शेडवर लक्ष ठेवायचं काम आमच्याच अंगावर.

रविवारी, ६ तारखेला, दुपारी बाराला देवळात पाळणा झाला. सुंठवडा घेऊन घरी आलो आणि सासूबाईंनी लगेच चार किलो लोकवन गहू निवडायला घेतला. दिवेलागणीला धुऊन भिजत घातला. कुरडईच्या गव्हाला तीन दिवस भिजावं लागतं आणि रोज पाणी बदलावं लागतं. एखाद्या दिवशी विसरलं की वास फिरतो, आणि मग ती कुरडई तळली तरी आंबटच लागते. रविवारी संध्याकाळी गहू पाण्यात पडला की बुधवारी वाटायचा आणि गुरुवारी पहाटे शिजवायचा, हे ठरून जातं. पाहुणे आले, लाईट गेली, तरी तो गुरुवार हलत नाही.

आणि गुरुवारी होती महावीर जयंती. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. शेजारच्या जैन वहिनींचं मोठं पितळी पातेलं आम्ही वापरतो, आणि चीक हाटण्यात त्यांच्याइतका हात गल्लीत कुणाचा नाही. सोमवारी दुसऱ्या एका घरी बटाट्याचा कीस होता, दहा किलोचा. किसायचा, धुवायचा, तुरटीच्या उकळत्या पाण्यातून काढायचा. तिथं बसल्या बसल्या मी वहिनींना सांगितलं, चुकले म्हणून. त्या किसता किसता म्हणाल्या, "चारला चूल पेटव. साडेसहाला मला मोकळं कर, मिरवणूक आठला आहे."

मंगळवार चटणीत गेला. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, तळलेला कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे, सगळा गरम मसाला घेऊन डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या गिरणीवर. तिथं दोन तास नंबरला. संध्याकाळी डोळे लाल असतानाच तीन ब्लाउजना हूक लावले.

बुधवारी गहू मिक्सरवर वाटला. मिक्सर तापला की थांबायचं, परत लावायचं. वाटलेला गहू पाण्यात कोळून फडक्यातून पिळला, चीक मोठ्या भांड्यात झाकून ठेवला. चोथा वेगळा काढला, त्याच्या भुसवड्या सासूबाईंनी परस्पर घालून टाकल्या.

गुरुवारची पहाट मात्र मला नीट सांगायची आहे. पावणेचारला परसात चूल पेटवली. रात्रभरात चीक तळाशी बसला होता, वर पिवळसर निवळी. ती हलक्या हातानं ओतून टाकली. चीक तांब्यानं मोजला. जेवढे तांबे चीक, तेवढेच तांबे पाणी. पाण्यात मीठ, हिंग, थोडं तेल. आधण आलं की एकीनं बारीक धार धरायची आणि दुसरीनं हाटायचं. हाटणारीचा हात थांबला की गाठ झालीच. वहिनी अनवाणी उभ्या राहून दोन्ही हातांनी चाटू फिरवत होत्या. दुधासारखा पांढरा चीक बघता बघता काचेसारखा होत जातो आणि चाटू जड होत जातो. ओलं बोट लावून बघितलं, बोटाला चिकटलं नाही, तेव्हा त्यांनी झाकण ठेवलं. तोवर पोरं वाट्या घेऊन हजर. कुणाला दूध-साखर घालून, कुणाला नुसतं तेल घालून. माझी लेक एरवी आठशिवाय उठत नाही, पण चिकाच्या दिवशी तिला हाक मारावी लागत नाही.

गच्चीवर सोऱ्या घेऊन आम्ही चौघी. चीक गरम असतानाच घालावा लागतो, हात पाण्यात बुडवत बुडवत. पूर्वेला तांबडं फुटलं तेव्हा निम्म्या कुरडया झाल्या होत्या. साडेसहाला वहिनी उठल्या, घरी जाऊन आंघोळ करून आवरून तयार. आठला पालखी आमच्या दारावरून गेली. मी कोपरापर्यंत चिकाच्या हातानं दारात उभी राहून नमस्कार केला, आणि वहिनींनी गर्दीतून मला खूण करून विचारलं, झाल्या का सगळ्या? मी मान हलवली.

शुक्रवारी सकाळी लेकीचं शाळेत भाषण होतं, ११ एप्रिल म्हणजे महात्मा फुले जयंती. गच्चीवर कुरडया उलटता उलटता तिनं "१८२७ साली जन्मलेल्या" पासून सगळं मला तीनदा म्हणून दाखवलं. संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या काकूंकडं चैत्रगौरीचं हळदीकुंकू. दारात चैत्रांगण काढलेलं, आत झोपाळ्यात गौर, पुढं कलिंगड. आंब्याची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे. पन्ह्याचा पेला ओठाला लावला आणि वारं सुटलं. वळीव! पेले जागेवर ठेवून आम्ही सगळ्या पळालो. चांगल्या साड्या नेसलेल्या बायका आधी आमच्या गच्चीवर, मग काकूंच्या, मग तशाच रानात बेदाण्याच्या शेडचे पडदे सोडायला. चार थेंब पडले आणि ढग पुढं निघून गेले. बेदाणा वाचला, कुरडयाही वाचल्या.

आता प्रश्न.

आमच्यापासून दोन घरं सोडून एक ताई राहते. सोऱ्यावर तिच्यासारखा हात नाही, तिच्या कुरडया मापानं घातल्यासारख्या एकसारख्या. दोन वर्षांपासून ती एका कारखान्यात पाळीवर जाते. या आठवड्यात ती एकाही घरी आली नाही. शनिवारी हनुमान जयंतीचा प्रसाद घेऊन मी तिच्याकडं गेले आणि सरळ विचारलं. ती म्हणाली, "पैरा फेडायला माझ्याकडं दिवस नाही. तुम्ही माझ्या घरी येणार आणि मी कुणाकडंच जाणार नाही, हे बरं दिसत नाही. म्हणून यंदा बचत गटाकडून विकत घेतल्या." हे सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन रात्रभर तेच डोक्यात. तुमच्याकडं हे कसं चालतं? ज्या बाईला दिवस नाही, तिचा पैरा तुम्ही कसा मोजता?

---

तापीकाठ | १४ एप्रिल, सकाळी ७:०५

तुमची गुरुवारची पहाट वाचून माझ्या जळगावच्या माहेरची बिबड्यांची पहाट आठवली. ज्वारी भिजवून, कांडून, तीळ-लसूण-मिरची घालून घाटा शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत खाटेवरच्या ओल्या धोतरावर बिबडे थापायचे. त्यानंतर उडदाचे पापड. प्रत्येकीनं आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं.

मोजण्याबद्दल सांगते. आमच्या आजीला शेवटी शेवटी लाटता येत नव्हतं, गुडघ्यामुळं खाली बसताही येत नव्हतं. ती गच्चीच्या दारात खुर्ची टाकून काठी घेऊन बसायची. कावळे, शेळ्या आणि आम्ही पोरं, तिघांपासून पापड राखायचे. तिच्या घरचे पापड सगळ्या मिळून लाटायच्या आणि तिनं काही केलं नाही असं कधी कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. राखण हे काम धरलं जायचं. तुमच्या ताईला तिच्या वेळेत बसेल असं काम कुणी विचारलं का?

---

गिरगावची | १४ एप्रिल, दुपारी १:३०

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

त्या ताईंनी विकत घेतल्या हे चांगलंच केलं. पाळी करून आलेल्या बाईनं पहाटे चारला चुलीपाशी उभं राहावं अशी अपेक्षा का? माझ्या आईची पाठ या वाळवणानं गेली. तिला नको असतानाही नाही म्हणता यायचं नाही, कारण शेजारणी आपल्याकडं येऊन गेलेल्या असायच्या. पैरा गोड दिसतो, पण त्यात नाही म्हणायला जागा नसते.

आणि बचत गटाच्या बायकासुद्धा बायकाच आहेत. आमच्या गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं लिज्जत झालं. त्या पापडांनी किती घरांच्या फिया भरल्या. कुरडई विकत घेतली म्हणजे नातं तुटलं असं मला वाटत नाही.

---

कृष्णाकाठची | १४ एप्रिल, रात्री ९:५०

राग कशाचा? तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. मी स्वतः शिलाईचे पैसे घेते, तेव्हा बाईच्या कामाला दाम मिळू नये असं मी कधीच म्हणणार नाही. ताईनं बचत गटाकडून घेतल्याचं मला काहीच वाटलं नाही. ती "मला नको" म्हणाली असती तर मी तिथंच चहा पिऊन हसत घरी आले असते.

ती "बरं दिसत नाही" म्हणाली. म्हणजे यायचं तिला आहे. आपण देणं लागतो या भीतीनं ती दार लावून बसली आहे, आणि हे आम्हा पाच घरांना आठवडाभर कळलं नाही. मला सलतंय ते हे.

तापीकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. कुणीच विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

---

नवखी सून | १५ एप्रिल, सकाळी ११:२०

मधेच विचारते, माफ करा. मी पुण्यात फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच एक किलोच्या केल्या. वाळल्यावर तुटून चुरा झाला. कुठं चुकलं?

---

तापीकाठ | १५ एप्रिल, सकाळी ११:५५

चीक कच्चा राहिला असणार. मध्यभागी पांढरेपणा दिसत होता का? पूर्ण काचेसारखा होईपर्यंत हाटायचा, मग झाकून मंद आचेवर वाफ काढायची. आणि निवळी सगळी काढली नसेल तर मोजलेलं पाणी जास्त होतं, मग चीक सैल पडतो. चुरा टाकू नका, तळून त्यावर तिखट-मीठ-साखर भुरभुरवा. किंवा कांदा-मिरचीच्या फोडणीवर भिजवलेला चुरा परता, कुरडईची भाजी होते.

---

माड आणि मिठागर | १५ एप्रिल, संध्याकाळी ६:४०

आमच्या गोव्यात याला पुरुमेंत म्हणतात, पावसाळ्यासाठी घरात भरून ठेवायचा साठा. सुकी मासळी, मिरची, चिंच, सोलं, उकडा तांदूळ. हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. मडगावला पावसाच्या तोंडावर पुरुमेंताचं फेस्तच भरतं.

आमच्याकडं आता रातांबे पिकायला लागलेत. फळ फोडायचं, साल वाळत घालायची, बियांच्या रसात मीठ घालून तो रस ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सालं त्या रसात बुडवून परत उन्हात. असं चार-पाच दिवस. सोलं काळी आणि मऊ होतात ती या पुटांमुळं. फोडायला माणसं लागतात, पण पुटं द्यायला एकटी बाई पुरते, तेही संध्याकाळी घरी आल्यावर दहा मिनिटांत. माझी वहिनी बँकेत आहे. फोडायला ती कधीच नसते, पण तीन घरांच्या सोलांची पुटं तिच्याकडं असतात. कामाचे तुकडे करून बघा, एखादा तुकडा तिच्या पाळीत बसेल.

---

माणदेशी शेतकरी | १६ एप्रिल, पहाटे ५:१५

बायकांच्या धाग्यात लिहितोय, पण पैरा हा शब्द बघून राहवलं नाही. आमच्याकडं कुणी सावड म्हणतं, कुणी वारंगुळा. सगळ्या गावानं मिळून एकाचं रान नांगरून द्यायचं आणि त्यानं जेवण घालायचं, ते इर्जिक.

माझ्या वडलांकडं बैलं नव्हती. शेजाऱ्याकडं होती. शेजारी बैलजोडी घेऊन आमच्या रानात एक दिवस यायचा, त्याच्या बदल्यात वडील आणि आई दोघं त्याच्या रानात दोन दिवस भांगलायला जायचे. एका वर्षी आई बाळंतीण होती, तर वडलांनी त्याच्या विहिरीचा गाळ काढायला हात लावला आणि पैरा फिटला. बैलाची फेड बैलानंच करायची असती तर आमचं रान कधी पेरलंच नसतं. पैऱ्यात सारख्याला सारखं कधीच नव्हतं, वहिनी. ज्याच्याकडं जे आहे ते धरायचे. तुमच्या ताईकडं काय आहे ते बघा.

---

दक्षिण गोलार्ध | १६ एप्रिल, दुपारी ३:३०

मेलबर्नहून लिहितेय. आमच्याकडं आता पानगळ चालू आहे, त्यामुळं आमचं वाळवण फेब्रुवारीतच उरकलं. चार मराठी घरं मिळून करतो. इथं सगळ्याच नोकरीवाल्या, म्हणून दिवस मोजतच नाही. एकीकडं मोठं अंगण, तिथं सगळ्यांचं वाळतं. एकीकडं मोठी मोटार, ती किराणा आणते. एकीची सासू भारतातून आलेली असते, त्या वर्षी त्या माउली नुसत्या खुर्चीत बसून "अजून हाट, अजून हाट" सांगतात. तोही वाटा धरतो.

माणदेशी दादांचं वाचून डोळे भरले.

---

गिरगावची | १६ एप्रिल, रात्री ८:१०

माझ्या आईला आज धागा वाचून दाखवला. मला वाटलं होतं ती माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "दमायचे मी, खरं आहे. पण तू झालीस तेव्हा सव्वा महिना माझा स्वयंपाक कोण करत होतं, ते तुला कुठं माहीत आहे?" हे मला खरंच माहीत नव्हतं. विकत घेण्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण हेही इथं लिहायला हवं होतं.

---

कृष्णाकाठची | २१ एप्रिल, रात्री १०:४०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. ब्लाउज परवा गेले सगळे. दीर जोतिबाहून सुखरूप आले, घरभर अजून गुलाल आणि दवण्याचा वास आहे.

गुरुवारी संध्याकाळी मी ताईकडं परत गेले. मोबाइल तिच्या हातात दिला आणि माणदेशी दादांचं लिहिणं वाचायला लावलं. तिनं दोनदा वाचलं. मग बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "डंक माझ्या वाटेवर आहे."

मला आधी कळेना. तिची या आठवड्यात रात्रपाळी आहे. संध्याकाळी स्कूटरवरून जाताना डंक उघडा असतो आणि सकाळी परत येताना नुकता उघडलेला असतो. मिरची-मसाला संध्याकाळी टाकून जायचा आणि सकाळी कुटलेली चटणी घेऊन यायचं. तिथं नंबरला बसण्यात प्रत्येक घराचे दोन तास जातात, ते सगळ्यांचे वाचले. शनिवारी संध्याकाळी तिनं तीन घरांची मिरची नेली.

काल, रविवारी, काकूंच्या कुरडया होत्या. पहाटेपासून आम्ही काकूंच्या गच्चीवर. सव्वासातला खाली स्कूटर वाजली. ताई चटणीचे तिन्ही डबे घेऊन वर आली, रात्रभर जागलेली, डोळे तारवटलेले. डबे ठेवून ती जिन्याकडं वळणार, एवढ्यात जैन वहिनींनी हातातला सोऱ्या तिच्यापुढं धरला. म्हणाल्या, "चीक गरम आहे. दोन सोरे घाल आणि मग झोपायला जा."

तिनं हात धुतले, पदर खोचला आणि बसली. दोनाचे सहा झाले. कुणी काही बोललं नाही, सासूबाईंनी फक्त तिच्या शेजारी चहाचा कप आणून ठेवला. आठला ती उठून गेली.

तिनं घातलेल्या कुरडया गच्चीच्या पूर्वेच्या कडेला आहेत, लांबूनही ओळखू येतात. आज दुपारी मी आणि काकूंनी त्या उलटल्या. अजून एक ऊन लागेल. काकूंनी त्यांच्यासाठी वेगळा डबा पुसून ठेवलाय, वर ताईच्या घराचं नाव लिहून.

नवखी सून, तुमच्या दुसऱ्या खेपेचं काय झालं ते लिहा.